उठल्याची खूण

२ फेब्रुवारी

आले एकदाची. खोली वाटली होती त्यापेक्षा बरी निघाली. पहिला मजला. खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात दिवसभर गरम, स्वच्छ वाफेचा वास. पूर्वेला खिडकी, एक पलंग, एक टेबल. नळाची तांबडी खूण उजवीकडे आहे आणि गरम पाणी येतं डावीकडून. ते मी आल्या आल्या लिहून ठेवलं. माझा धंदाच तो.

हा धंदा समजावून सांगायला लागलं की नातेवाइकांना माझी कीव येते. सिनेमातला एक प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट क्रमानं, चार-चार दिवस चित्रित होतो. तेव्हा नायकाची किती बटणं उघडी होती, पेला अर्धा होता की पाऊण, जखम डाव्या भुवईवर होती की उजव्या, हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. ती कुणीतरी मी. कंटिन्युइटीवाली. वीस वर्षं लोकांचे पेले लक्षात ठेवतेय.

एरवी माझे सिनेमे लहान आणि शांत असतात. त्यांत माणसं खिडकीबाहेर बघत बसतात आणि प्रेक्षक घड्याळाकडे. पण आठ महिने कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते यांनी. बावीस वर्षं चाललेल्या पोलिसी हाणामारीचा नववा आणि शेवटचा भाग. पहिल्या भागात इन्स्पेक्टरनं भावाच्या खुनाचा बदला घेतला, दुसऱ्यात बहिणीच्या, तिसऱ्यात गुरूच्या. सहाव्यापर्यंत बिचाऱ्याचं सगळं गणगोत संपलं, म्हणून सातव्यात कुत्र्याचा घेतला. शेवटचा भाग करताहेत याचं कारण बहुधा हेच की आता शेजारीच उरले आहेत.

माझ्या लेकीला आठही भाग तोंडपाठ. चौदा वर्षांची आहे, महिनाभर माझ्या ताईकडे राहणार. निघताना तिनं बजावलं की इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या साहेबांचा सहीचा फोटो आणल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. तुझे सिनेमे बघताना झोप येते आई, म्हणाली, यांचे बघताना निदान भूक तरी लागते. शेवटी पडदा काळा झाला की थिएटरातलं सगळं पोरसोर ‘अजून एक! अजून एक!’ ओरडतं, त्यात हिचा आवाज सगळ्यांत वर. आता तर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन तिनं निर्मात्यांना पत्र लिहिलंय, शेवटचा नको, दहावा भाग हवा. मी हसले. म्हटलं, पाठवू नकोस, देवानं एकदा सुटका केलीय जगाची.

पत्र तिनं दप्तरात ठेवलं. जरा दुखावली. एक मार्चला तिला पंधरा पूर्ण होतात. अठ्ठावीसला संध्याकाळी घरी येते म्हणून सांगितलंय.

४ फेब्रुवारी

आधीच्या कंटिन्युइटीवाल्या बाईंकडून ताबा घेतला. त्यांना सगळे मावशी म्हणतात. साठी उलटलेली, हातात काठी, आवाज शाळेच्या घंटेसारखा. पहिल्या भागापासून त्याच होत्या. याही भागाचं बरंचसं काम त्यांनी केलं, मग गुडघ्यांनी संप पुकारला. उद्या मुलाकडे जाताहेत. शेवटच्या दिवशी त्यांचा सत्कार आहे, तेव्हाच परत येतील.

नऊ भागांच्या नऊ जाड वह्या. नेहमीच्या नोंदी वेगळ्या. या वह्या फक्त मेलेल्यांच्या. कोण मेलं, कुठं, कशानं, अंगावर काय होतं. शेवटच्या रकान्यात एक फोटो चिकटवलेला आणि शेजारी बरोबरची खूण. प्रत्येक फोटोत तोंडाला लाल रंग फासलेलं कुणीतरी जमिनीवर बसून हसतंय. चारशेच्या वर आहेत. चारशे माणसं बत्तीशी दाखवताहेत.

रिवाज असा: कॅमेऱ्यासमोर जो मेला, त्यानं मेला त्याच जागी, त्याच कपड्यांत उठून बसायचं आणि हसायचं. दुसऱ्या कुणीतरी त्याला फोटोच्या कॅमेऱ्यातून बघायचं, ‘उठला’ असं मोठ्यानं म्हणायचं, आणि फोटो काढायचा. मग खूण. मी म्हटलं, म्हणजे शकुन-अपशकुन. मावशी म्हणाल्या, शकुन कसला, काम आहे ते. माणसाला उंचावर आपण चढवलं की उतरताना शिडीही आपणच धरायची.

कॅमेरा जुना आहे, काढल्याबरोबर फोटो पोटातून बाहेर टाकणारा. त्याचा कागद आता मिळत नाही. पाकिटात बारा उरलेत आणि मरणंही बाराच उरलीत: बँकेच्या प्रसंगातले अकरा आणि शेवटच्या दिवशी खुद्द साहेब. मावशींनी ते बारा माझ्या हातात असे मोजून दिले, जशी काही मी ते खाऊनच टाकणार होते.

जाताना म्हणाल्या, काम सुरू करायच्या आधी चौथी वही वाच. वाचते म्हटलं.

नाही वाचणार. आयुष्य एकदाच मिळतं.

७ फेब्रुवारी

साहेबांचं दर्शन झालं. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. केस वीस वर्षांचे, दात पाच वर्षांचे. सगळं युनिट त्यांना साहेबच म्हणतं, आणि त्यांचा असा समज झालाय की ते खरंच पोलीस खात्यात आहेत. काल रस्त्यावर एका स्कूटरवाल्याला त्यांनी परवाना विचारला. मेकअपदादा सांगत होते की त्यानं तो दाखवलाही.

गोळी घालण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, ही यांची अदा. नऊ भाग. समोरचे पंधरा गुंड बंदुका रोखून, यांचा पट्टा सुटेपर्यंत तिष्ठत उभे.

एक गंमत टिपून ठेवते. कुठंही कुणी कॅमेरा उचलला की साहेब आपोआप त्याच्यासमोर येऊन उभे राहतात. चटक्यानं हात मागे घ्यावा तसं ते नकळत होतं. आज मी भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढत होते, काटे लक्षात राहावेत म्हणून. चार फोटो काढले, चारही फोटोंत साहेब.

दिग्दर्शक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. समोर सर, पाठीमागे चिरंजीव. वडिलांनी सहा भाग केले, यांनी दोन, आणि आता घाईघाईनं गाशा गुंडाळताहेत. बँकेचा सेट एका मोठ्या शेडमध्ये उभारलाय. चार खिडक्या, टोकनचे पितळी बिल्ले, पेनाला बांधलेली साखळी. फरशी मात्र मेणकापडाची आहे, गुंडाळता येणारी. एकूण सिनेमाच तसा आहे.

रात्री लेकीला सांगितलं तर खो-खो हसली. मग म्हणाली, तू त्यांना इतकी नावं ठेवतेस, पण त्यांच्या सिनेमात निदान सगळ्यांना कळतं कोण कुणासाठी रडतंय.

१० फेब्रुवारी

बँकेतलं हत्याकांड पार पडलं. अकरा जणांत दोन बायका हव्या होत्या, एकीचं पोट बिघडलं. चिरंजीवांनी इकडेतिकडे पाहिलं, नजर माझ्यावर. म्हणाले, मॅडम, तुम्हीच पडा. तुमचा चेहरा अगदी बँकेत खेपा घालणाऱ्या बाईचा आहे.

पडले. तीन नंबरच्या खिडकीसमोर, माझ्याच राखाडी स्वेटरवर साखरेच्या पाकातलं लाल रक्त. डावा हात अंगाखाली, उजवा तळवा वर, एक चप्पल निसटलेली. माझी नोंद मीच केली. पडल्या जागी भोवती पांढऱ्या चिकटपट्टीनं आकार आखतात, म्हणजे उद्या तसंच पडता येतं. साहेब माझ्यावरून पाय टाकून गेले आणि बावीस वर्षं जुनं वाक्य बोलले. डोळे मिटून पडल्यावर तेसुद्धा बरं वाटलं, हे कबूल करते. फार वर्षांनी कुणी मला नुसतं पडून राहा असं सांगितलं होतं.

मग उठल्याचे फोटो. दहा जणांचे काढले, दहा वेळा ‘उठला, उठली’ म्हटलं, गाढवासारखं. अकरावी मीच. मेकअपदादा म्हणाले, आण इकडे, तुझा मी काढतो. तोवर मी उठून, हातात चहाचा कप घेऊन उभी होते. म्हटलं, दादा, तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे, कागद कशाला फुकट घालवता? ते म्हणाले, मावशी रागावेल. मी म्हटलं, मावशीला कळेल तेव्हा ना.

वहीत अकराव्या ओळीपुढं कोरा रकाना बरा दिसेना. बरोबरची खूण केली. फोटोच्या जागी एक गोल हसरा चेहरा काढून टाकला. दोन डोळे, एक तोंड. वीस वर्षांत पहिली खोटी नोंद, आणि तीही असल्या सिनेमासाठी. पाकिटात दोन कागद उरलेत.

१३ फेब्रुवारी

स्वेटरवरचा डाग निघत नाही. खाली इस्त्रीवाल्यानं दोनदा धुतला. म्हणाला, बाई, हे वाळतच नाही हो. खरंच, बोट लावलं तर चिकट, ओलं. साखरेचा पाक तीन दिवस ओला! यांच्याकडे एकच गोष्ट चांगल्या प्रतीची निघाली, ती ही.

फोनवर लेक म्हणाली, आवाज लांबून येतोय, विहिरीतून आल्यासारखा. ताईच्या घरात मुळातच रेंज कमी.

सकाळी जाग आली तेव्हा डावा हात अंगाखाली मुरगळलेला होता, मुंग्या आलेल्या. उजवा तळवा वर. एक पाय पांघरुणाबाहेर. आज तिसरी सकाळ. झोपायची सवय बदललीशी दिसते.

१६ फेब्रुवारी

आज एक गोष्ट घडली. जशी घडली तशीच लिहिते.

दरोड्याच्या आधीचा प्रसंग घेत होते. सकाळची वेळ, बँक उघडतेय, कारकून टेबलं पुसताहेत. अजून कुणी मेलेलं नाही. मी मॉनिटरसमोर बसले होते. तीन नंबरच्या खिडकीसमोर कुणीतरी पडलेलं होतं. राखाडी स्वेटर. उजवा तळवा वर. कारकून तिच्यावरून पाय टाकून चालले होते.

मी ओरडले, थांबा, चूक आहे. मान वळवून सेटवर पाहिलं तर फरशी मोकळी, नुसती पांढरी चिकटपट्टी. मॉनिटरवर मात्र ती होतीच. चिरंजीवांना पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ते पडद्याकडे बघत राहिले, मग कॅमेरामनला विचारलं की आत्ता कोण बोललं.

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.

चष्म्याचा नंबर वाढला असेल. चिरंजीवांचे कान गेले असतील. बाकी काही नव्हतंच तिथं जायला.

१८ फेब्रुवारी

चहावाला रोज माझ्या टेबलावर कप ठेवतो. काल नाही ठेवला, आजही नाही. मागितला. तो कप पुसत राहिला.

जेवायला मेकअपदादांच्या समोर बसले. ते कुणाला तरी सांगत होते की ती कंटिन्युइटीवाली काही न सांगता पळाली. जरा शिष्टच होती, म्हणाले, नाक वर करून वावरायची. पण कामाला चोख.

दादा, म्हटलं. दादा.

त्यांनी माझ्या ताटाशेजारचं मीठ उचललं. त्यांचा हात माझ्या हाताला लागला. त्यांनी हात झटकला आणि पंखा बंद करायला सांगितला.

लेकीला नऊ निरोप पाठवले. प्रत्येकापुढं एकच खूण. दुसरी उमटत नाही.

१९ फेब्रुवारी

चौथी वही वाचली. मावशींच्या अक्षरात, अगदी शेवटच्या पानावर. जसंच्या तसं उतरवते:

“तिसऱ्या भागातला, गोदामातला सतरावा. सगळे टकल्या म्हणत. बाकीचे फोटोला बसले तेव्हा हा सिगारेट ओढायला बाहेर गेला, तिथूनच घरी. मी रकाना कोरा ठेवला. दोन महिन्यांनी बायको ऑफिसात आली, नवरा कुठं आहे विचारत, रडत. तो तिच्या शेजारीच बाकावर बसून होता, असं त्यानं मागाहून सांगितलं. थोरल्या मालकांच्या पाया पडून चौथ्या भागात तेच गोदाम पुन्हा उभं करवलं. त्याच्या रिकाम्या जागेकडे कॅमेरा धरला, उठ म्हटलं, फोटो काढला. आधी फोटोत आला, मग जागेवर. आता ठीक आहे. भाजीचं दुकान टाकलंय. पुढचा भाग झाला म्हणून निभावलं. रकाना कोरा दिसला म्हणून शोधता आलं. जे कुणी ही वही सांभाळेल, त्यानं कोरा रकाना कोराच ठेवावा. त्यात लाज नाही.”

मी खूण केली. वर हसरा चेहरा काढला.

पुढचा भाग नाहीच.

२१ फेब्रुवारी

घाबरून चालणार नाही. नीट विचार करायचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून दुरुस्त केल्यात, ही तर माझी स्वतःची.

हवं ते सगळं आहे. सेट उभा आहे. स्वेटर आहे. कागद दोन आहेत. फक्त बघणारं कुणी हवं.

सेटवर माझ्या जागी बसून फोनवर स्वतःचाच फोटो काढला. फरशी आली, चिकटपट्टी आली. कॅमेरा मेकअपदादांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी उचलून कपाटात ठेवला. मग चिरंजीवांच्या खुर्चीवर. साहेबांनी पाहिला. आरशात पाहावं तसं त्याच्या भिंगात बघून केस सारखे केले आणि निघून गेले.

मावशींना फोन लावला. त्या हॅलो, हॅलो म्हणत राहिल्या. मग जवळच्या कुणाला तरी म्हणाल्या, नुसता श्वास ऐकू येतोय. बाईचा आहे.

घरी जावं का? रोज वाटतं. बसमध्ये बसेन, कुणी तिकीटही विचारणार नाही. ताईचं दार लेकच उघडते. ती दार उघडेल, इकडेतिकडे बघेल, आणि लावून घेईल.

ते मला झेपणार नाही. गोळ्या झेलायच्या तर साहेबांनी झेलाव्यात.

२३ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्यानं कुलूप उघडून दोन माणसांना खोली दाखवली. मी पलंगावर बसले होते. नळाचं त्यांना त्यानं उलटंच सांगितलं. डावीकडून, मी म्हटलं, गरम डावीकडून येतं.

माझी बॅग जिन्याखाली ठेवलीय. आता सेटवरच राहते. बरं वाटतं तिथं. तेच वाईट आहे — त्या चिकटपट्टीच्या आत पडलं की फार बरं वाटतं. हात आपोआप अंगाखाली जातो.

संध्याकाळी फोन लावला. लेक म्हणाली, आई, तूच आहेस ना? मग म्हणाली, मी त्या दिवशी तुझ्या सिनेमांना नावं ठेवली म्हणून बोलत नाहीस का? ठेवत नाही आता. ये ना.

मी बोलत होते. सबंध वेळ बोलत होते.

मग म्हणाली, तू म्हणालीस ना, म्हणून ते पत्र मी फाडून टाकलं.

२५ फेब्रुवारी

वही उघडून अकराव्या ओळीतली खूण खोडायला घेतली. पेन चालतं. शाई उमटत नाही. या रोजनिशीत उमटते. वहीत नाही. ब्लेडनं खरवडलं — कागदाला ओरखडाही नाही. गोल चेहरा तसाच हसतोय.

मावशी वहीत बघणार. अकरा ओळी, अकरा खुणा. सगळं जिथल्या तिथं. चोख.

पण फोटो दहाच. आणि पाकिटात कागद दोन. मावशी मोजतात. मोजूनच देतात, मोजूनच घेतील.

मोजा हं, मावशी.

२६ फेब्रुवारी

उद्याचा कार्यक्रम भिंतीवर लावलाय. सकाळी साहेबांचं मरण. दुपारी सत्कार. लगेच सेट मोडायचा. शेड परवापासून दुसऱ्या कुणाला तरी हवीय.

बाहेर फाटकाशी पोरं जमली होती, हातात पाट्या. दहावा भाग हवा. चिरंजीव गाडीची काच खाली करून म्हणाले, नाही रे बाबांनो, संपलं आता. मी त्या पोरांच्यात उभी राहून ओरडले. घसा फाटेपर्यंत. मी. अशा एका सिनेमासाठी, ज्यात घड्याळ काढेपर्यंत गुंड थांबतात —

थांबतात तर थांबू देत. आणखी वीस भाग थांबू देत.

२७ फेब्रुवारी, सकाळ

मावशी आल्या. काठी, निळी शाल. आल्या आल्या वही मागितली. सत्काराची खुर्ची बाजूला सारून कॅमेरा गळ्यात अडकवला. माझ्याबद्दल विचारलं. पळाली, असं सगळ्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, पळताना कुणी पाहिलं?

मेकअपदादांनी पेटी आवरायला घेतली.

मी माझ्या जागी आहे. स्वेटर घातलाय. ओला आहे, गार. रोजनिशी उजव्या हाताशी, पडल्या पडल्या लिहितेय.

साहेब मरताहेत. माझ्यापासून सहा पावलांवर. एक गोळी छातीत, तरी अकरा मिनिटं भाषण चाललंय. आईला निरोप, देशाला निरोप, कुत्र्याच्या आठवणीला निरोप. मला हसू येतंय. मला रडू येतंय. लेकी, तू असतीस तर उशी कवटाळून बसली असतीस.

मेले. टाळ्या.

दुपार

मावशी वाकल्या. साहेब उठून बसले, हसले. ‘उठला.’ फोटो. टाळ्या. एक कागद उरला.

दाराच्या बाजूनं मेणकापड गुंडाळायला लागलेत.

मावशी वही बघताहेत. बोट खाली येतंय. आठ. नऊ. दहा —

थांबलं. त्या गोल चेहऱ्यावर. विचारलं, हे कुणी काढलं. पाकीट उघडून बघितलं. एक कागद. बारा मरणं, मग हा का उरला?

मावशी, मी. मावशी.

चिरंजीव म्हणताहेत की सोडा ना आता, हार तयार आहे, फरशी उचलायचीय. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुंडाळणाऱ्यांना काठीनं थांबवलंय. पट्ट्या बघत येताहेत. एक नंबर. दोन —

तीन.

माझ्यासमोर. काठी ठेवली. एक गुडघा टेकला, दुखतोय, ओठ आवळलेत. कॅमेरा डोळ्याला लावला. माझ्याकडे. आरपार नाही — माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, ऊठ गं बाई. घरी पोर आहे ना तुझी.

उठतेय. हात सुटत नाही अंगाखालून — सुटला. बसले. हसतेय. मावशी, हसतेय बघा —

त्यांच्या मागं साहेब. हार गळ्यात. कॅमेरा उचललेला दिसला त्यांना. येताहेत.

नको.

नको, नको — बूट माझ्या तळव्यावर — केस सारखे केले — हसले —

खटक.

फोटोत तेच. मावशी पाकीट उलटं धरून झटकताहेत. झटकतच आहेत. मावशी रडताहेत. सगळ्यांना वाटतंय सत्काराचं —

फरशी उचलली. पट्टी सुटतेय, पायाकडून. पाय दिसत नाही.

फाटकातून पोरं आत आलीत. ओरडताहेत. साहेब हात हलवून नाही म्हणताहेत. हो म्हण. मेल्या, हो म्हण ना — लेकी, तू पण ओरड, तिकडून, तुझा आवाज सगळ्यांत वर असतो — अजून एक — अजून